तराजू कोणाच्या हाती?

राष्ट्रीय सुरक्षा आणि नागरी स्वातंत्र्य यांविषयी आपल्याकडे चर्चा सुरू झाली, की ती एका ठराविक वाक्यावर येऊन विसावते : 'दोहोंमध्ये समतोल साधला पाहिजे.' वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, हे वाक्य उच्चारले की श्रोते माना डोलावतात, अध्यक्ष समारोप करतात आणि चहा येतो. या वाक्याशी कोणाचेच भांडण नसते. ज्या वाक्याशी कोणाचेच भांडण नसते ते वाक्य बहुधा काहीच सांगत नसते, अशी प्रस्तुत लेखकाची जुनी समजूत होती. या वाक्याच्या बाबतीत ती बदलावी लागली. हे वाक्य बरेच काही सांगते, आणि जे सांगते ते खोटे आहे.

'समतोल' हे रूपक आहे. एक तराजू आहे, त्याला दोन पारडी आहेत, एकात सुरक्षा आहे, दुसऱ्यात स्वातंत्र्य आहे. एक पारडे जड झाले की दुसरे वर जाते, आणि शहाणा राज्यकर्ता काटा मध्यावर ठेवतो. इतके हे चित्र परिचयाचे झाले आहे, की ते चित्र आहे याचाच आपल्याला विसर पडला आहे. रूपके तपासणे हा साहित्याच्या अध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचा रोजचा व्यवसाय. नवकवितेतली एखादी प्रतिमा नीट लागत नसेल तर आपण तिच्यावर तासभर बोलतो. मग ज्या रूपकाच्या आधारे माणसे वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात, ते रूपक मात्र आपण वृत्तपत्रातून जसेच्या तसे उचलतो, याला काय म्हणावे?

तेव्हा या तराजूला तीन साधे प्रश्न विचारू. पारड्यात ठेवलेला माल कोणाचा? तराजू कोणाच्या हाती? आणि वजने कशाची?

पहिला प्रश्न मालकीचा. 'आपण' सुरक्षेसाठी 'आपल्या' स्वातंत्र्याचा थोडा भाग सोडतो, असे सांगितले जाते. यातला 'आपण' हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला तरी वस्तुस्थितीच्या दृष्टीने लबाड आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद आहे, ही या भाषेची श्रीमंती. येथे मात्र 'आपण' म्हणून जे खपवले जाते त्याचा खरा अर्थ 'आमची सुरक्षा आणि त्यांचे स्वातंत्र्य' एवढाच असतो.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. त्या संध्याकाळी ज्यांनी घरच्या माणसाची वाट पाहिली, त्यांच्यापुढे स्वातंत्र्यावर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. सुरक्षा ही सरकारने उभी केलेली भुताटकी आहे, असे म्हणणाऱ्यांशीही प्रस्तुत लेखकाचे जमत नाही. लोकलने प्रवास करणाऱ्याला ते परवडणारे नाही. परंतु पुढे काय झाले ते पाहू. खटला मोक्का या विशेष कायद्याखाली चालला. सर्वसाधारण कायद्यानुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मोक्काखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो. हीच ती 'थोडी' सवलत, जी समतोलाच्या नावाने दिली गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. तेरावा निर्दोष ठरला, तोही नऊ वर्षे तुरुंगात काढून. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांपैकी एक जण तोवर, २०२१ मध्ये, तुरुंगवासातच कोविडने वारला होता.

उच्च न्यायालयाने कबुलीजबाब का नाकारले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे. आरोपींच्या छळाच्या तक्रारी न्यायालयाला विश्वसनीय वाटल्याच. शिवाय वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतले काही भाग एकमेकांशी इतके जुळत होते, की ते उतरवून घेतलेले असावेत असे न्यायालयाला आढळले. ही तर पाठचिकित्सा झाली! दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी आली, तर एक पोथी दुसरीवरून उतरली आहे किंवा दोन्हींचा मूळ स्रोत एक आहे, हे आपण एम. ए.च्या वर्गात शिकवतो. दोन भिन्न माणसे आपल्या आयुष्यातला सर्वांत भयंकर प्रसंग एकसारख्याच शब्दांत सांगत नाहीत, हे कळण्यासाठी न्यायशास्त्र लागत नाही. ते कळायला एकोणीस वर्षे लागली.

राज्य सरकार तत्काळ सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना तुरुंगात परतण्यास मात्र सांगितले नाही. अंतिम शब्द अजून सर्वोच्च न्यायालयाचा आहे, हे मान्य. तरीही उच्च न्यायालयाचा निष्कर्ष क्षणभर बरोबर धरला, तर तराजूच्या रूपकाचे काय होते? बारा माणसांच्या आयुष्याची एकोणीस वर्षे एका पारड्यात घातली गेली. त्यांच्या बदल्यात दुसऱ्या पारड्यात काय आले? ज्यांनी स्फोट घडवले ते सापडले नाहीत, इतकेच. स्वातंत्र्य गेले आणि सुरक्षाही आली नाही. हा कसला तराजू, ज्याची दोन्ही पारडी एकदमच वर जातात?

याच शहरातला दुसरा खटला शेजारी ठेवून पाहावा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मारले गेले. अजमल कसाब जिवंत हाती लागला तो सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या देहावर गोळ्या झेलून त्याला धरून ठेवले म्हणून. ज्या माणसाने बदला घेतला असता तर कोणी बोट उचलले नसते, त्या पोलीस दलाने त्याला न्यायालयापुढे उभे केले. त्याला वकील मिळाला. त्या वेळी याच गोष्टीवर केवढा गहजब झाला होता! 'बिर्याणी'च्या अफवा आठवाव्यात. खटला मोक्काच्या कबुलीजबाबांवर चालला नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, छायाचित्रे, कॅमेऱ्यांतली चित्रणे, वैज्ञानिक पुरावे यांवर चालला. दीड वर्षाच्या आत, मे २०१० मध्ये, निकाल लागला. उच्च न्यायालयाने आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि तिन्ही न्यायालयांनी ती सुटका मान्य केली. फाशीच्या शिक्षेविषयी मतभेद असू शकतात. परंतु दोषी कोण, याविषयी आज कोणाच्या मनात संशय नाही. जेथे आरोपीचे हक्क अधिक पाळले गेले, तेथे राष्ट्राच्या हाती सत्य लागले. जेथे ते 'समतोला'साठी कातरले गेले, तेथे एकोणीस वर्षांनी हाती धुपाटणे आले.

म्हणून माझा मुद्दा असा, की आरोपीचे हक्क हे सुरक्षेच्या विरुद्ध पारड्यातले वजन नव्हेच. ते सत्य शोधण्याचे साधन आहे. ते बोथट केले की तपास करणारे हात आळशी होतात. पुरावा शोधण्यापेक्षा माणूस फोडणे सोपे वाटू लागते. आणि खोटा गुन्हेगार सापडला की खऱ्याचा शोध थांबतो.

दुसरा प्रश्न : तराजू कोणाच्या हाती? बाजारात व्यापाऱ्याच्या हाती तराजू असतो, म्हणून तर वजनमापे तपासणारा निरीक्षक वेगळा नेमावा लागतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजारात व्यापारी म्हणतो, की निरीक्षकाने माझ्या दुकानात येणे हेच सुरक्षेला धोकादायक आहे. आणि निरीक्षक पुष्कळदा ऐकतो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की आणीबाणीत मिसाखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे म्हणत हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येणार नाही. सुनावणीत न्यायमूर्ती हं. रा. खन्ना यांनी ॲटर्नी जनरलना विचारले होते, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला, तर काही उपाय आहे का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर मिळाले. तरीही चौघांना त्यात अडचण वाटली नाही. त्यांपैकी न्यायमूर्ती बेग यांनी तर स्थानबद्धांची सरकार घेत असलेली काळजी जवळजवळ मातृवत असल्याचे लिहिले. मातृवत! शहा आयोगाच्या हिशेबाने मिसा आणि भारत संरक्षण नियम यांखाली एक लाख दहा हजारांहून अधिक लेकरे या मातेच्या कुशीत होती. एकट्या खन्नांनी भिन्न निकालपत्र लिहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपद त्यांना डावलून बेग यांना दिले गेले. चाळीस वर्षांनी, २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला. हे कळले तेव्हा ते स्थानबद्ध कधीच घरी परतले होते. काही परतलेच नव्हते.

मराठी साहित्याला या काळाची एक आठवण फार प्रिय आहे. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले, आणि पुढे तुरुंगातही गेल्या. आपण ही गोष्ट दर काही वर्षांनी अभिमानाने सांगतो. पण त्या अभिमानात एक सोय दडलेली आहे. दुर्गाबाई बोलल्या, म्हणून जणू अवघे मराठी साहित्य बोलले! एका बाईच्या धैर्यावर एका भाषेने पन्नास वर्षे व्याज खावे, हे काही भूषणाचे लक्षण नव्हे. असो.

तिसरा प्रश्न वजनांचा, आणि तो सर्वस्वी आपल्या प्रांतातला आहे. कारण येथे वजने म्हणजे शब्द. १८९७ च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी १२४अ कलमातल्या 'डिसअफेक्शन' या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा ज्यूरीला समजावून दिला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हा गुन्हा! सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी नाही, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी कायद्यात दुरुस्ती करून राजद्रोहाची व्याख्या अधिकच ऐसपैस केली गेली. १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तल्या लेखांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा टिळकांनी सरकारी भाषांतरावरच हल्ला चढवला. मराठी शब्दांच्या छटा इंग्रजीत किती उग्र करून मांडल्या आहेत, हे ते दिवसचे दिवस सांगत राहिले. सात युरोपीय आणि दोन पारशी अशी ती ज्यूरी. तीत मराठी अग्रलेखाचा अर्थ मराठीतून लावू शकणारे कोण होते? सात विरुद्ध दोन अशा मताने शिक्षा झाली, सहा वर्षे मंडाले. मराठी गद्याची इतकी बारीक चर्चा त्यापूर्वी कोणत्या विद्यापीठात झाली असेल असे वाटत नाही. ती न्यायालयात झाली, आणि गद्यलेखक हरला.

ही जुनी कथा म्हणून सोडून देता आली असती तर बरे झाले असते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या, काही दुरुस्त्या झाल्या आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. रोख कडव्या डाव्या आणि त्यांच्यासारख्या संघटनांवर आहे, असे सांगण्यात आले. परंतु मूळ मसुद्यातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या पाहा. तिच्यात कृतीबरोबर बोललेले आणि लिहिलेले शब्द, खुणा, दृश्य चिन्हे हे सारे येते. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणे येते आणि अडथळा आणण्याकडे 'कल असणे' हेही येते. प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणेही येते. या शेवटच्या कलमाच्या फूटपट्टीने १९३० चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह मोजून पाहावा. सत्याग्रह म्हणजेच कायद्याची जाहीर, अहिंसक अवज्ञा. तिच्याविषयी वर्गात आस्थेने शिकवणारा शिक्षक नेमका कोणत्या बाजूला उभा राहतो? आणि 'कल' म्हणजे काय? आपण कवितेचा कल ओळखताना दहादा चुकतो. ते काम आता ठाणे अंमलदाराकडे सोपवायचे?

येथे एक कबुली द्यायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये बातमी आली, की भीमा कोरेगाव प्रकरणात व्हर्नन गोन्साल्विस यांच्या जामिनाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने 'वॉर अँड पीस' घरात का ठेवले, असे विचारले. साहित्यिक वर्तुळात हशा पिकला. टॉलस्टॉयवरून विनोद झाले. त्यांत प्रस्तुत लेखकाचेही दोन-तीन होते. दुसऱ्याच दिवशी खुलासा झाला : ते पुस्तक टॉलस्टॉयचे नव्हतेच. विश्वजित रॉय यांनी संपादित केलेला, जंगलमहालातील संघर्षावरील लेखसंग्रह होता तो, आणि न्यायमूर्तींना टॉलस्टॉय ठाऊक होता. आम्ही ओशाळलो आणि गप्प बसलो. चूक हसण्यात नव्हती, त्या गप्प बसण्यात होती. जणू टॉलस्टॉय असता तर अन्याय, आणि जंगलमहाल असला तर काही हरकत नाही! वास्तविक प्रश्न कोणत्याही पुस्तकाबाबत सारखाच होता : घरातल्या कपाटातले पुस्तक हा गुन्ह्याचा पुरावा कसा होतो? तो प्रश्न आम्ही विचारला नाही, कारण ते पुस्तक 'आपल्या' अभ्यासक्रमातले नव्हते. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी दिले. हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य असले तरी ते नुसते जवळ बाळगणे हा यूएपीएच्या संबंधित प्रकरणांखालील गुन्हा ठरत नाही, असे सांगून गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन दिला. हे कळण्यापूर्वी दोघांची जवळजवळ पाच वर्षे गेली होती, आणि तीही खटल्याचा निकाल लागण्यापूर्वी.

ही पाच वर्षे यूएपीएच्या ४३ड(५) या उपकलमाची देणगी. आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी आधार आहे असे पोलिसांच्या कागदांवरून न्यायालयाला वाटले, तर जामीन नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये हे कलम आले. तेव्हा केंद्रात कोणाचे सरकार होते आणि २०१९ मध्ये हा कायदा आणखी कडक करणारे सरकार कोणाचे, हे वाचकांना ठाऊक आहे. तराजू धरणारे हात बदलले, काटा एकाच दिशेने सरकत राहिला.

यावर एक आक्षेप हमखास येतो : 'तुम्हा लोकांना फक्त तुमचेच कैदी दिसतात.' आक्षेपात तथ्य आहे. २१ जुलै २०२५ ला लोकल स्फोटांचे आरोपी सुटले आणि दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयाने निर्दोष सोडले. पहिल्या निकालावर ज्यांनी न्यायाचा विजय साजरा केला, त्यांतल्या अनेकांनी दुसऱ्यावर न्यायाचा खून झाला म्हटले. आणि ज्यांनी पहिल्यावर संताप केला त्यांनी दुसऱ्यावर पेढे वाटले. दोन्ही खटल्यांत छळाचे आरोप होते, दोन्हींत वर्षानुवर्षे गेली, दोन्हींत मेलेल्यांच्या नातेवाइकांना 'मग मारले कोणी?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. या दहा दिवसांत दोन्ही वेळा एकच वाक्य बोलणारी माणसे किती निघाली? छळ करून मिळवलेला शब्द पुरावा नव्हे, हे तत्त्व आरोपीचे नाव वाचल्यानंतर ठरत असेल, तर त्याला तत्त्व म्हणू नये.

दुसरा आक्षेप : 'बॉम्ब काही न्यायालयाच्या तारखांसाठी थांबत नाहीत.' खरे आहे. म्हणून तर गुप्तवार्ता सुधारा, पोलिसांना मनुष्यबळ आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा द्या, खटले रोज चालवा, साक्षीदारांना संरक्षण द्या. या सर्वांना पैसा आणि मेहनत लागते, स्वातंत्र्य लागत नाही. नवा कडक कायदा मात्र एका दुपारी होतो, त्याला खर्च नाही, आणि सरकार काहीतरी करते आहे असे दिसते.

आपल्या कपाटाकडे शेवटी एकदा पाहावे. 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली, 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. सावरकरांची 'माझी जन्मठेप' तर नावापासूनच तुरुंगाची. परस्परांशी मुळीच न पटणारी ही माणसे. तत्कालीन सरकारच्या लेखी सारीच सार्वजनिक सुरक्षेला धोका होती, आणि त्या सरकारचाही समतोलावर पूर्ण विश्वास होता. आपण ही पुस्तके शिकवतो, त्यांतली आई, भक्ती, कर्मयोग आणि यातना शिकवतो. ज्या कायद्यांनी या लेखकांना आत टाकले त्यांची भाषा मात्र शिकवत नाही.

ती शिकवायला काय हरकत आहे? १२४अ हे कलम दंडसंहितेबरोबर गेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १५२ कलम लागू झाले. दोन्हींचे पाठ शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचावेत. 'कल', 'धोका', 'अवज्ञा' या शब्दांचा कर्ता कोण, कर्म कोण, आणि अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला, एवढेच विचारावे. त्यासाठी कोणत्याही पक्षाचे सभासद व्हावे लागत नाही. आणि पुढच्या चर्चासत्रात कोणी 'समतोल' म्हणाले, तर चहा येण्यापूर्वी एकाने तरी उठून विचारावे : कोणाचे स्वातंत्र्य, महाराज, आणि मोजले कोणी?